ओमोलोन फटका यापुढे कोणी शिकवू नये

मी, तेओपिस्तो ओमोलोन, वय वर्षे सहासष्ट, राहणार कारकार, सेबू बेट, धंदा एस्क्रिमा म्हणजे काठीची लढत शिकवणे, हे माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसात पाणी झाले आहे. डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. असते तर बरे झाले असते, हे अडतीस वर्षांपूर्वीच लिहून झाले असते. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःला 'अजिंक्य' म्हटले आहे.

मला बायको नाही, मुले नाहीत. वारस म्हणून हक्क सांगेल असा एकच, पुतण्या रुफो.

कलम एक. मला साध्या पेटीत पुरावे. शिष्यांनी काठ्या उभारून कमान वगैरे करू नये. रुफो भाषणाला उभा राहीलच. त्याला खाली बसवावे.

कलम दोन. वेताच्या काठ्या शिष्यांनी वाटून घ्याव्यात. झुंजीचे तिन्ही कोंबडे रुफोला. त्याहून जास्त त्याने मागू नये. मी आजारी पडल्यापासून तो दोनदा आला, आणि दोन्ही वेळा कोंबडेच बघून गेला.

कलम तीन, माझ्या गुरूबाबत. खरा गुरू शोधण्यात माझी सात वर्षे गेली. एकाने ताईत दिला. एकाने नाच शिकवून त्याला लढत म्हटले. एकाने वर्षभर नारळ सोलून घेतले. शेवटी डोंगरात मका पिकवणारे मकारिओ सबानाल भेटले.

"काय येतं?" त्यांनी विचारले.

"बाराही फटके येतात."

"मग मार."

मी पहिला फटका उचलेपर्यंत त्यांची काठी माझ्या मनगटाला, कोपराला आणि कानाला टेकून परत गेली होती. टेकली फक्त, लागली नाही.

"मारायचं तुला येतंय," ते म्हणाले. "थांबायचं शिकायला किती वर्षं लागतात ते बघू."

सहा वर्षे मी तिथे राहिलो. रोज लढत, अंगावर चिलखत वगैरे काही न बांधता. सोबत त्यांचा दुसरा शिष्य अन्सेल्मो काबिगास आणि त्यांची मुलगी दिओनिसिया. ती आम्हा दोघांनाही मारायची. अन्सेल्मो हसत मार खायचा, मी दातओठ खात. पुढे त्या दोघांचे लग्न झाले. त्याच जेवणावळीत सगळ्यांदेखत मकारिओ म्हणाले, "माझ्यामागे अन्सेल्मो शिकवील. तेओ, तुझी काठी जोरकस आहे, पण ती तुझं ऐकत नाही." मी डुकराचे भाजलेले मांस खात होतो. तो घास मला अजून गिळता आलेला नाही.

कलम चार. हे नीट वाचावे. १९७१ च्या नोव्हेंबरात, गावच्या जत्रेत, कोंबड्यांच्या आखाड्यात माझी आणि अन्सेल्मोची लढत झाली. आव्हान माझे होते. त्याला यायचे नव्हते. मी त्याला बायकोच्या आड लपणारा म्हणालो, म्हणून आला. तिसऱ्या झटापटीत त्याच्या हातातली काठी उडाली. त्याने डावा हात वर केला आणि म्हणाला, "मनोय, बस." मी वयाने मोठा, म्हणून तो मला मनोय म्हणायचा.

गर्दीच्या आरड्याओरड्यात मला ऐकू आले नाही, असे मी आजवर सांगत आलो. मला ऐकू आले होते. हात दिसला होता. मी वरून तिरका फटका कानशिलावर मारला. चौथ्या दिवशी तो गेला.

दिओनिसिया आखाड्यातच होती. तिने चौकीत जाऊन सांगितले. "नवरा मेलाय हिचा, ही तर बोलणारच," असे म्हणून तिला परत पाठवले. मकारिओंनी मला दारातूनच घालवले: "तुला मी शिकवलं, असं कुठे सांगू नकोस." मी ते सगळीकडे सांगितले. शाळेच्या पाटीवर रंगवून घेतले.

कलम पाच. त्या लढतीवर मी जन्मभर जगलो. खऱ्या लढतीतून आलेला गुरू हवा म्हणून मनिलाहून, जर्मनीहून, ऑस्ट्रेलियाहून लोक माझ्या दारात आले. त्यांना मी चिलखत घालून लढायला लावले, आणि तो फटका माझ्या नावाने शिकवला. समोरच्याची काठी पडली तरी थांबू नका, असे तीस वर्षे सांगितले. ते डावपेच म्हणून सांगत नव्हतो. थांबणारा एकही शिष्य मला बघवला नसता.

गेल्या वर्षी मिंदानाओहून वेन्सेस्लाओ ताबानाओ आला. वीजतंत्री, वय एकतीस. नऊ वर्षे गुरू शोधत हिंडलेला. त्याची हकिगत ऐकताना मला माझीच हकिगत ऐकल्यासारखे झाले. त्याला चिलखताशिवाय लढायचे होते. मी नाही म्हणालो. मार्चमध्ये मी इस्पितळात असताना तो आणि त्याचा सरावातला जोडीदार शिरस्त्राणे काढून लढले. वेन्सेस्लाओची काठी पडली. जोडीदार थांबला नाही. उजवा डोळा गेला.

मी त्याच इस्पितळात होतो, खालच्या मजल्यावर. भिंतीला धरून वर गेलो. जोडीदार दाराशी रडत होता. "मास्टर, तुम्हीच सांगितलं होतं ना, थांबायचं नाही म्हणून?"

पट्टीखालून वेन्सेस्लाओ म्हणाला, "मी हात वर केला होता." मग जवळजवळ आनंदाने, "पण आता तरी खरी लढत झाली ना, मास्टर?"

उत्तर म्हणून हे मृत्युपत्र त्याला वाचून दाखवावे.

कलम सहा. शाळा बंद करावी. पाटी फोडावी. तो फटका माझ्या किंवा दुसऱ्या कोणत्याही नावाने शिकवू नये. ज्याला खरोखर शिकायचे असेल त्याने दिओनिसिया सबानालकडे जावे. ती घेईल की नाही, मला माहीत नाही.

कलम सात, घर. या मृत्युपत्राच्या कच्च्या मसुद्यात ते मी दिओनिसियाच्या नावे लिहिले होते. गेल्या आठवड्यात मी तिला बाजारात गाठले. ती झावळ्यांच्या पुड्या विणून त्यात भात विकते. मान वर न करता तिने सगळे ऐकले.

"मी माफ केलं असं त्यात लिहू नकोस."

"नाही लिहीत."

"नाही केलं, असं लिही."

लिहिले. सोबत वकील होते. त्यांनी तिला समजावले की घर घ्यायचे तर साक्षीदार म्हणून सही करता येणार नाही, दोन्हींपैकी एकच.

तिचे हात थांबले. "म्हणजे सही केली तर माझं म्हणणं सरकारदरबारी धरतील?"

"धरावंच लागेल," वकील म्हणाले.

"मग घर त्या डोळा गेलेल्या पोराला दे. सही मी करणार."

त्याप्रमाणे घर आणि मागची जागा वेन्सेस्लाओ ताबानाओ याला देत आहे.

कारकार, दिनांक ९ जून २००९.

(सही) तेओपिस्तो ओमोलोन

आम्हा तिघांसमोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:

(सही) प्रुदेन्सियो आलेग्रे, वकील

(सही) कातालिना रोमारिक, शेजारीण

(सही) दिओनिसिया सबानाल, अन्सेल्मो काबिगासची बायको. वर लिहिलंय ते मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हाही सांगितलं होतं.