संचिताला घडवताना

१८ नोव्हेंबर २००३, सकाळी
आजपासून नव्या पिढीला घडवायचं काम हाती घेतलं. मालवणात दुसरं कोण घेणार? संचिता, सीताबाय मासेवालीची मुलगी, माझ्या फोटो स्टुडिओत आली. मुंबईच्या एका मासिकाला वर्षभरासाठी नवा फोटोग्राफर हवाय. महिनाअखेर कोकणातल्या कामधंद्याचे फोटो पाठवायचे. निवड झाली तर कॅमेऱ्यावर जगता येईल, नाहीतर कणकवलीला मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं. ती फिल्मचे रोल मागायला आली होती. रोल संपले होते. मार्गदर्शन दिलं.

२१ नोव्हेंबर
पहिला धडा. फोटोला माणूस तयार लागतो. केस विंचरलेले, तोंडाला पावडर, मान सरळ, मग 'रेडी', मग बटण. या तत्त्वावर अख्ख्या दांडी वाडीची लग्नं मी अल्बमात बसवलीत. संचिता म्हणाली, काका, मासे धरणारो माणूस पावडर कित्याक लावतलो? प्रश्न विचारणं चांगलं. कमी विचारणं अधिक चांगलं.
बायकोने (प्रेमलता. जन्मजात समीक्षक.) जेवताना विचारलं, तुमी तेका शिकवतास, की तां तुमका? मी भात मागितला.

२४ नोव्हेंबर
शिष्येचे फोटो तपासले. जाळं शिवणारी बोटं. सुकत घातलेले बांगडे. पाठमोरी आई, डोक्यावर टोपली. एकाही फोटोत कोणी कॅमेऱ्याकडे बघत नाही! म्हटलं, ही माणसं तुझ्यावर रागावली आहेत काय? ती हसली. गांभीर्य कमी पडतंय.
निश्चय : उद्या पहाटे स्वतः किनाऱ्यावर जाऊन दाखवायचं.

२५ नोव्हेंबर, सकाळी दहा
जाग आली नाही. पहाटेचा उजेड तसाही ओव्हररेटेड.

२८ नोव्हेंबर
गेलो. रापण चालू होती. समुद्रात टाकलेल्या जाळ्याचे दोर किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसं ओढतात. सगळं गाव वाकलेलं, सगळ्यांच्या पाठी. याला फोटो म्हणतात? पुढे झालो, दोन्ही हात वर केले आणि लग्नातल्या आवाजात ओरडलो, इकडे बघा सगळे! रेडी!
माझ्या शब्दाला केवढं वजन! सगळ्यांच्या लग्नाचे फोटो मीच काढलेले. अर्ध्या माणसांनी दोर सोडून केसांवरून हात फिरवला. हौसाबाईने पदर नीट केला. दोर सैल पडला, जाळं खालून उचललं गेलं आणि बांगडा शिस्तीत परत गेला.
रापणीचे म्होरके दाजी धावत आले. रे फोटोवाल्या, आता मासे काय तुझो बापूस हाडतलो? वडिलांना जाऊन पंधरा वर्षं झाली, हे त्यांना ठाऊक आहे. भावनेच्या भरात बोलले.
संचिता या गडबडीत न विचारता बटण दाबत होती. रेडी म्हणायचं पुन्हा विसरली. फोटो वाया.

३० नोव्हेंबर
बजावलं होतं, ते फोटो पाठवू नकोस. पाठवले. तिच्या भवितव्याची काळजी वाटते. झेरॉक्सचंही एक तंत्र असतं, तेवढं शिकवून ठेवावं.

९ जानेवारी २००४
निवड झाली!! संचिता मिठाई म्हणून जत्रेतलं खाजं घेऊन आली. सीताबाय स्टुडिओच्या दारात रडली. मी आधीच म्हटलं होतं. बाबू पेंटरला नवा बोर्ड सांगितला : 'नवोदितांचे मार्गदर्शक'. मुंबईत तिला गुरूचं नाव विचारणारच. आडनाव नीट सांग म्हणून बजावलं.

६ फेब्रुवारी, रात्री
मासिक आलं. पानभर फोटो. मध्यभागी मी, हात वर, तोंड उघडं. मागे सैल दोर आणि भांग पाडणारी माणसं. लगेच संचिताला फोन लावला. माझ्याबद्दल विचारलं का? विचारलं म्हणाली. हा मधला माणूस कोण, म्हणून. मग? काका, खरा सांगलंय आसता तर दाजी परत भांडूक इले असते. म्हणून म्हटलंय, कोणतरी पर्यटक असतलो.
फोटोखाली तसंच छापलंय. 'रापणीत घुसलेला एक पर्यटक.'
पेंटरला बोर्ड थांबवायला सांगितला.
प्रेमलताने मासिक दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि स्वयंपाकघरातून हाक दिली, पर्यटकानू, येवा, घरगुती जेवण तयार आसा.
जेवलो.