भाताच्या टोपलीचं झाकण

शनिवार, संध्याकाळ. पुंगोल, सिंगापूर.

जेवून आलो. ही आल्यापासून स्वयंपाकघरात. चिडलीय की विरघळलीय, देव जाणे.

आमच्या मुग्धाला खामशी लग्न करायचंय. तो लाओसचा. हिला मान्य नाही, आणि त्याची आई मुद्दाम भेटायला आलेली. गेल्या शनिवारी आम्ही त्यांना नोव्हेनाच्या थाई हॉटेलात नेलं. गुळमट करी, चिमूटभर वाढप, बिल बघून डोळे पांढरे.

आज त्यांनी लाओ खानावळीत बोलावलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, घरघरणारा पंखा, निम्म्या पैशांत पोटभर. कच्च्या पपईची कोशिंबीर इतकी जहाल की आपला ठेचा परवडला! चिकट भाताची टोपली मधोमध, सगळ्यांनी हातानं घ्यायचा. मला आवडलं बुवा. पण ही नुसती टोपलीकडे बघत बसलेली. मुग्धा रडवेली.

उठताना हिनं सवयीनं टोपलीवर झाकण ठेवलं. अन्न उघडं टाकू नये, एवढंच. तर खामच्या आईनं हिचा हातच धरला, डोळ्यांत पाणी.

"अगं बाई, काय चुकलं माझं?"

मुग्धा म्हणाली, "आई, त्यांच्यात टोपली उघडी राहिली तर संसार मोडतो म्हणतात. तू झाकलीस."

"मी भात झाकलाय. होकार नाही दिला," ही फणकारली. पण हात? तो काही सोडवून घेतला नाही.

झाकणाचंच मनात घोळतंय. आत्ता आतून आवाज आला, "अहो, त्या बाईंना पुरणपोळी चालेल का हो?"