तिसऱ्या बोरला पाणी

१५ एप्रिल २०२४
सकाळपासून दारात बोरची गाडी. घरभर पांढरी धूळ. भाचा श्रीनिवास इंजिनिअर आहे. म्हणतो, "आत्या, जमीन खाली बारा महिने सारख्याच तापमानाची. उन्हाळ्यात खोलीतली उष्णता नळ्यांतून खाली सोडायची, थंडीत तीच अंघोळीला वर आणायची." एसीपेक्षा वीज कमी, गच्चीवरच्या सोलरवर चालतं. अंबिकासाठी करते आहे. पारा चढला की माझ्या या धाकट्या बहिणीचे पाय उचलतच नाहीत.

१६ एप्रिल
बोरची गाडी म्हणजे पाणी, एवढंच या कॉलनीला कळतं. शेजारचे तात्यासाहेब नारळ घेऊन हजर. पाण्यासाठी नाहीच, म्हटलं. "मग काय सोनं काढायलात व्हय, बाई?" भूगोलाचा अख्खा तास घेतला. ऐकून घेतलं, आणि नारळ फोडून गेले.

१८ एप्रिल
तिसऱ्या बोरला पाणी लागलं. फवारा पार गच्चीपर्यंत! लगेच फाटकाशी हंडे. अंबिका खिडकीतून बघत होती.
श्रीनिवास म्हणतो, हाही नळ्या घालून बुजवावा लागेल. दोन बोरवर खोली मेमध्ये गार राहणार नाही, आणि दुसरा मारायला गाडी पावसाळ्याआधी परत मिळणार नाही.

१९ एप्रिल
भांड्याला येणाऱ्या वच्छलाबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या. "माणसाला प्यायला नाय, अन् तुम्ही भिंती गार करायलात." नळ सोडणाऱ्यांना जाऊन विचारा म्हटलं, आजारी बाईच्या दारात काय विचारता? गेल्या. भांडी तशीच.
संध्याकाळी तात्यासाहेब. पंप आम्ही बसवतो, वीजबिल आम्ही भरतो. किती गोड! नन्सच्या छड्या खाऊन वाढले मी, गोडीला भुलत नाही. अंबिका न्हाणीत पडते तेव्हा उचलायला यातलं कोण येतं?
अंबिका जेवली नाही. तुला काय वाटतं, असं मी विचारलं नाही. त्यात विचारायचं काय?

२१ एप्रिल
सिमेंट ओतलं. बायका फाटकाशी मुकाट उभ्या होत्या. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

२ मे
मशीन सुरू. बाहेर रस्ता वितळतो आहे, खोली वेरूळच्या लेण्यासारखी गार. नवी चादर घातली. अंबिका म्हणाली, "तू झोप तिथं."
थकले. हिच्याशी भांडायलाही त्राण नाही.

३ मे
अंबिका व्हरांड्यातच. पायांत जोर नाही, तरी आत येत नाही. गार पाण्याची बादली पुढे ठेवली. म्हटलं, निदान पाण्यात तरी पाय ठेव.
"कुणाच्या पाण्यात?" म्हणाली.