तीनशे सतरामधला सात

ती. दाजी यांस,

दंडवत. (साष्टांग घातला असता, पण आठ महिने टेबलावर वाकून बसल्याने पाठ धरली आहे. शिवाय मनही सध्या तुमच्यापुढे पूर्ण वाकायला तयार नाही. तेव्हा तूर्त अर्धाच स्वीकारावा.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? ताईचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. तिला म्हणावं, कोमट पाणी पीत जा आणि हे पत्र दाजींच्या हातातून ओढून घेऊ नकोस. यात तुझ्या नवऱ्याची कानउघाडणी आहे आणि ती त्यांनीच आधी वाचायला हवी. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर सौ. मजेत आहे. मी नाही.

दाजी, तुम्ही वयाने मोठे, नात्याने मोठे, बावीस वर्षं विमानवाहू जहाजावर विमानांची देखभाल केलेला माणूस. तुमच्यापुढे मी आजवर कधी आवाज चढवला नाही. (तुमच्या लग्नात तुम्ही माझ्या कोऱ्या बुटांवर पाय दिलात, तेव्हाही नाही.) पण काल, रविवारी, तुम्ही फोनवर जे एक वाक्य बोललात त्याने माझ्या आठ महिन्यांच्या मेहनतीवर बोळा फिरवला, आणि वाक्य बोललात तेही खोटं. शब्द जपून वापरतोय. खोटं.

तुमच्या बाहेरच्या खोलीत रेडिओच्या वर टांगलेला फोटो मी पंधरा दिवसांसाठी म्हणून मागून आणला होता, आठवतं ना? (आठ महिने झाले, भिंतीवर फिकट चौकोन उमटलाय, ताई येता-जाता बोलून दाखवते, सगळं ठाऊक आहे.) त्यात तुम्ही असाल अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे. जहाजाच्या डेकवर उभे, हातात रंगाचा ब्रश, मागे पंख मिटून उभं असलेलं विमान आणि त्याच्या शेपटीवर तुम्ही नुकताच रंगवलेला क्रमांक, ३१७. मी ठरवलं, याच विमानाचं मॉडेल करायचं, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाएवढं. आमच्या मॉडेल क्लबच्या वार्षिक प्रदर्शनात ते मांडायचं आणि मग तुमच्या पंचाहत्तरीला तुमच्या हातात द्यायचं. हे गुपित होतं. आता गुपित ठेवून कुणाचं भलं होणार आहे?

तुम्हाला वाटेल, खोक्यातून काढलं, चिकटवलं, झालं. दाजी, खोक्यात दोनशे अकरा तुकडे असतात. सगळे एकाच करड्या प्लास्टिकचे आणि निम्मे तांदळाच्या दाण्याएवढे. पंख मिटतात तिथली बिजागरी तर त्याहून बारीक. ती सौ.च्या भुवया कोरायच्या चिमट्यात धरली होती, ती सटकली आणि नाहीशी झाली. तीन तास मी जमिनीवर पालथा पडून टॉर्च फिरवत होतो. दुसऱ्या दिवशी ती सौ.च्या चपलेच्या तळाला चिकटलेली सापडली, बाजार फिरून आली होती. वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण मी घाईघाईत झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवलं, तर त्या वाफेने काच आतून पांढुरकी झाली आणि वैमानिक गरम पाण्याने आंघोळ करत असल्यासारखा दिसायला लागला. पुढे चाकं लावून विमान टेबलावर ठेवलं, तर ते नाक वर करून शेपटीवर बसलं. नाकात वजन घालायचं असतं हे पुस्तिकेत सहाव्या पानावर लिहिलं होतं आणि मी तेव्हा बाराव्या पानावर होतो. मग पोटाला भोक पाडून आतून नट सरकवत सरकवत नाकापर्यंत नेले. (त्यातला एक सुटा राहिलाय. मॉडेल हलवून बघू नका.)

रंगाचं तर बोलायलाच नको. एअरब्रशचा फवारा घरात नको असं सौ.ने बजावलं, म्हणून मी बाल्कनीत बसलो. वारा माझ्या बाजूने आहे असा माझा समज होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंची पांढरी चादर वाळत होती, ती समुद्री करडी झाली. मी त्यांना नम्रपणे सांगितलं की ही छटा अधिकृत आहे, आरमारातल्या विमानांचा पोटाचा रंग हाच असतो. त्यांच्यावर या माहितीचा काही परिणाम झाला नाही. आता त्या मला जिन्यात बघितलं की तोंड फिरवतात. आणि हे सगळं मी कुणासाठी सोसलं?

आता मुद्द्यावर येतो. शेपटीवरचे अंक खोक्यात छापील मिळतात. कागद पाण्यात भिजवायचा, अंक सुटून येतो, तो अलगद जागेवर सरकवायचा. मी तीन लावला, एक लावला, सात चिमट्यात उचलला आणि सहज फोटोकडे नजर गेली. तर फोटोतला सात वाकडा. तीन सरळ, एक सरळ आणि सात आरामखुर्चीत टेकल्यासारखा मागे रेललेला. आधी वाटलं, आपली नजर थकली. म्हणून कोनमापक लावला. अकरा अंश. दाजी, मी चौतीस वर्षं भूमापन कार्यालयात नकाशे काढले. रेघ वाकडी म्हणून माझा एकही कागद परत आला नाही. (एक आला होता, पण त्यावर चहा सांडला होता आणि तो माझा नव्हता.) माझं माप चुकत नाही.

दुसरा कुणी असता तर छापील सात लावून मोकळा झाला असता. पण मी म्हटलं, दाजींनी जो सात काढला तोच आपण काढायचा. छापील सात सौ.ने फ्रिजच्या दारावर लावला, अजून तिथे आहे. मी मास्किंग टेपवर अकरा अंशांचा सात कापला आणि रंग भरला. आयुष्यभर सरळ रेघा ओढलेल्या माणसाने मुद्दाम वाकडी रेघ ओढायची म्हणजे काय हाल होतात, ते तुम्हाला कळायचं नाही. हात आपोआप सरळ व्हायचा. पाच वेळा थिनरने पुसला. सहाव्यांदा हुबेहूब उतरला, तेव्हा मी इतका खुश होऊन जेवायला बसलो की सौ.ने विचारलं, कुणी मेलं का तुमच्या जुन्या ऑफिसातलं.

तर काल क्लबात प्रदर्शनाआधीची तपासणी होती. आमचे अध्यक्ष म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. कपाळाला भिंग बांधून फिरतात म्हणून आम्ही त्यांना भिंगवाले म्हणतो. त्यांनी माझं विमान पंधरा मिनिटं न्याहाळलं. मिटलेल्या पंखांना मान डोलावली. झाकणाची काच बघून तर म्हणाले, समुद्रावरचं धुकं छान दाखवलंय. (मी आभार मानले.) मग शेपटीपाशी थांबले. किडलेली दाढ सापडल्यावर करत असतील तसा जिभेने आवाज केला आणि फॉर्मवर लिहिलं, ‘शेपटीवरील अंक वाकडा. कारागिरी ढिसाळ. शनिवारपर्यंत दुरुस्त केल्यास प्रदर्शनात मांडता येईल.’ ढिसाळ. मला. अकरा सभासदांसमोर. तळपायाची आग मस्तकात गेली, दाजी.

मी फोटो पुढे केला. ते म्हणाले, त्या वेळी जहाज हलत असेल. मी विचारलं, मग तीन आणि एक का नाही हलले? त्यावर म्हणाले, जुना फोटो आहे, कागद आक्रसतो. तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं की ज्यांनी हा अंक रंगवला ते माझे सख्खे मेहुणे आहेत, हयात आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती माझ्याहून तल्लख आहे. माझ्याच फोनवरून तुमच्या घरच्या जुन्या, नंबर न दाखवणाऱ्या फोनवर नंबर लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला आणि फोन भिंगवाल्यांच्या हातात दिला. त्यांनी आपल्या भारदस्त आवाजात विचारलं, ‘विमान क्रमांक तीनशे सतराबाबत चौकशी आहे. शेपटीवरचा सात वाकडा होता का?’ आणि तुम्ही, दाजी, तुम्ही म्हणालात, ‘माझ्या हातचा अंक कधीच वाकडा गेलेला नाही.’ आणि फोन ठेवलात. ना कोण, ना कुठून, काही न विचारता.

अकरा जणांनी ते ऐकलं. एक जण उगाचच खोकला. भिंगवाल्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, दात काढून झाल्यावर पेशंटला थोपटतात ना, तसंच. मी विमान खोक्यात भरून पायी घरी आलो, कारण बसमध्ये कुणाचा धक्का लागला तर त्याच्याशी भांडण होईल याची मला खात्री होती.

तुम्ही ‘आठवत नाही’ म्हणाला असतात तरी मी मुकाट्याने ऐकून घेतलं असतं. पण तुम्हाला आठवत नाही यावर माझा विश्वास बसणार नाही. मला सातवीत गणितात किती मार्क पडले ते तुम्ही अजून पाहुण्यांना सांगता. मग स्वतःचा सात तेवढा विसरलात? तुमचं काय जाणार होतं? वाकडा होता म्हटलं असतं तर जहाज बुडालं असतं का? माझी मागणी साधी आहे. एका कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहा. ‘विमान क्रमांक ३१७ वरचा सात मी वाकडा रंगवला होता. मॉडेल बरोबर आहे.’ खाली ठसठशीत सही करा. कागद शनिवारच्या आत माझ्या हातात पडला पाहिजे. नाही पडला तर फोटो परत मिळणार नाही (ताई, माफ कर, पण माझाही नाइलाज आहे) आणि पंचाहत्तरीला तुम्हाला शर्टपीस मिळेल, तोही तुम्हाला न शोभणाऱ्या रंगाचा.

ताईला नमस्कार. खोकल्याचं कळवा. बाकीचा अर्धा दंडवत तुमच्या कागदाची पोच देताना.

तुमचा, अजून तरी,
मेहुणा

ता. क. पाकीट बंद केलं होतं, ते किटलीच्या वाफेवर धरून पुन्हा उघडलंय. आत्ताच ताईचा फोन आला होता. तुम्हाला न सांगता केलाय, तेव्हा तिच्यावर ओरडू नका. तिने मला सगळं सांगितलं. तो सात रंगवलात त्याच दिवशी तुमच्या साहेबांनी बघितला, भर डेकवर तुमची खरडपट्टी काढली आणि संध्याकाळच्या आत पुसून सरळ काढायला सांगितला. तुम्ही कामाच्या रजिस्टरमध्ये ‘अंक पुन्हा रंगवला’ असं लिहून सही केलीत. आणि रंगवला मात्र नाहीत, कारण विमान त्याआधीच उड्डाणाला गेलं होतं. परत आलं तेव्हा सही होऊन बसली होती, पुन्हा ब्रश उचलला असता तर ती खोटी ठरली असती. मग सहा वर्षं ते विमान तसंच उडत राहिलं आणि दर तपासणीला तुम्ही शेपटीसमोर शिडी लावून उभे राहायचात. हे तुम्ही आजवर फक्त ताईला सांगितलंत. आणि काल एका अनोळखी भारदस्त आवाजाने तीनशे सतराबाबत चौकशी आहे म्हटल्यावर तुम्ही जेवला नाहीत आणि ताईला म्हणालात, शेवटी पकडलंच. दाजी, अहो, तो दातांचा डॉक्टर होता.

ता. क. दुसरा. वर मागितलेला कागद रद्द. काहीही लिहून देऊ नका, सही तर मुळीच करू नका. ‘खोटं’ हा शब्द खोडायला गेलो तर कागद फाटेल, म्हणून तो तसाच आहे. वाचताना तेवढा वगळा. आणखी एक सांगायचं राहिलं. काल घरी आल्यावर रागाच्या भरात मीच तो सात सरळ करायला बसलो होतो. माझ्यासारख्याला दोन मिनिटांचं काम. थिनरचा बोळा हातात घेतला, शेपटीजवळ नेला आणि ठेवून दिला. खोडवेना. तो माझा सात नाहीच, मी कोण खोडणारा? तेव्हा खरं काम असं आहे की शनिवारी सकाळच्या बसने तुम्ही इकडे या. थिनर, शून्य नंबरचा ब्रश, काळा रंग आणि भिंग तयार ठेवतो. गुडघ्याखाली घ्यायला उशी आहे. तो सात तुम्ही तुमच्या हाताने पुसा आणि सरळ काढा. साहेबांचा हुकूम सेहेचाळीस वर्षं लांबलाय, एकदाचा होऊन जाऊ दे.

ता. क. तिसरा. आणि हात थरथरला, पुन्हा वाकडाच आला, तर पुसत बसू नका, तसाच राहू द्या. क्लबाच्या फॉर्मवर ‘अंक दुरुस्त केला’ असं लिहून खाली सही मी करीन.