उकिरड्यावरचं नाव

पोशेरा

केरू भावा,

ठाण्यात तुला सगळे देवानंद म्हणतात. मी मोठी बहीण, माझ्या तोंडी केरूच बसलंय.

तुझ्या मुलाच्या बारशाला आईने पाहुण्यांसमोर केरू म्हणून हाक मारली, तर तू असा ओरडलास की माझा हात शिवशिवला. "पोटच्या पोराला कचऱ्याचं नाव कोण ठेवतं?" घरी आल्यापासून आई तुझं नावच घेत नाही.

तू लहानपणीच आश्रमशाळेत गेलास, तुला काय ठाऊक? तुझ्याआधीचे दोन भाऊ झोळीतच गेले. त्यांची नावं छान होती. तू झालास तेव्हा आईने तुला फुटक्या सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या काळीआत्याने उचललं आणि आईने तिला ओंजळभर नागली देऊन तुला परत घेतलं. मरणाला वाटावं, हा तर केर, कशाला न्यायचा?

काल मी म्हटलं, "आई, त्याला सांगून टाकते." ती नागली पाखडत होती. सूप थांबलं.

"नको. बोललीस की मरणालापण कळेल. मला काय बोलायचं ते बोलू दे त्याला."

मला हे खरं वाटत नाही. पण पत्र टाकायची छातीही होत नाही, म्हणून चुलीत घालते. तू आईवर रागावलेला असलास तरी चालेल. असलास म्हणजे झालं.

तुझी बहीण,
सुषमा