गोधडीच्या क्लासातल्या आई

ती. आईंना,

तुमच्या मुलाशी काडीमोड होऊन वर्ष झालं, तरी तुम्हाला दुसरं काय म्हणायचं ते कळत नाही. म्हणून हे पत्र देणारही नाही.

गोधडीच्या क्लासला नाव घातलं, तेव्हा तुम्हीही तिथे असाल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आज शिकवणाऱ्या बाईंनी मशीनचे दाते खाली करायला लावले. आता कापड आपोआप सरकणार नाही, आपणच हातांनी फिरवून वेल काढायची, म्हणाल्या. माझे हात पळाले की टाके लांबलचक पडायचे, पाय जोरात दाबला की एकाच जागी गुंता. वेलीची पार गांडुळं झाली.

शेजारच्या मशीनवरून तुम्ही म्हणालात, "अगं, मानगूट धरल्यासारखं काय धरतेस? हात हलके ठेव." मी ठेवले आणि एक पान नीट उमटलं.

बाईंनी विचारलं, "तुम्ही एकमेकींच्या कोण?"

"सून आहे माझी," म्हणालात आणि सुईत दोरा ओवत राहिलात.

माझा पाय खाडकन दाबला गेला आणि सुई मोडली. तुम्ही सवयीनं बोललात की मनापासून? तुमच्याकडे दुसरी सून येणार आहे म्हणे. मग मी कोण? हसावं की रडावं, समजेना. क्लास सुटल्यावर तुम्ही दारात माझ्यासाठी थांबलात. मी मात्र तुम्ही जाईपर्यंत टेबलाखाली सुईचा तुकडा शोधत राहिले. तुकडा माझ्या मुठीतच होता.

तुमच्या शेजारी बसणारी