नातूर पाहिजे

७८६

दुबई कॉलनी, ता. राजापूर
४ जानेवारी २००१

सफाच्या अब्बांना मरियमचा सलाम. आम्ही खैरियतीत आहोत, तुमची खैरियत अल्लाकडे मागते.

बाद सलाम, कळवायचं ते असं की कॉलनीत चोर शिरले. ईदला झुबेदा माहेरी गेली होती, तिच्या घराचं कुलूप तोडलं. लगेच जुन्या मोहल्ल्यात जमातीची सभा झाली. मिलिटरीतून रिटायर झालेले सुभेदार शैलेंद्र साळवी आणखी तिघा माजी सैनिकांना घेऊन मोहल्ला आणि कॉलनी दोन्हीकडे पहारा द्यायला तयार आहेत. खर्चाचं निघालं तेव्हा जमातीचे सदर रफिकचाचा म्हणाले, चारातले तीन हिस्से कॉलनीने द्यावेत, दिरहम तिकडेच येतात.

आता कॉलनीतर्फे बोलणार कोण? घरोघरी नुसत्या बायका. सगळ्यांनी मलाच पुढे ढकललं, माझी जीभ चालते म्हणून. तुम्ही तर ती लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ओळखता. मी विचारलं, मशिदीच्या स्लॅबसाठी कॉलनीकडून पैसे घेतले तेव्हा आपण एकच जमात होतो ना, मग पहाऱ्याच्या वेळी कॉलनी वेगळी कशी झाली? चाचांनी सभाच आटोपती घेतली. बोलणी पुढच्या जुम्म्यावर गेली.

सफा फोनवर तुमचा आवाज आला की अजून पळते. मनाला लावून घेऊ नका. तुम्ही गेलात तेव्हा पोटात होती, तिला काय माहीत!

अम्मी दुआ सांगतात. सांभाळून राहा.

तुमची
मरियम


मुहैस्नाह, दुबई
१९ जानेवारी २००१

मरियमला तय्यबचा सलाम आणि घरात सगळ्यांना दुआ.

तुझ्या सभेची हकीकत रूममधल्या सगळ्यांना वाचून दाखवली. केरळवाल्यालाही हिंदीत समजावली, तो म्हणतो तुझ्या बायकोला आमच्या कंपनीत मॅनेजर करा. पण फार ताणू नकोस. चाचांशी वैर घेऊन गावात राहायचंय तुलाच. इकडे पहारेकऱ्याला नातूर म्हणतात. आमच्या गोदामाच्या नातूरला सहाशे दिरहम मिळतात, म्हणजे आपले साडेसात हजारांच्या वर. त्या मानाने गावचा पहारा स्वस्तच. मागतील तेवढं देऊन टाक, मी पाठवतो.

मार्चमध्ये माझी रजा बसते. पण गेल्या वेळेसारखे या वेळीही रजेऐवजी पैसेच घ्यावे म्हणतो. वरचा मजला होऊन जाईल. मग खलास, इन्शाल्ला कायमचाच येतो.

आमच्या लेबर कॅम्पच्या भागाला सगळे सोनापूर म्हणतात. मुंबईत सोनापूर म्हणजे मसणवट, तेव्हा अम्मीला हे नाव सांगू नकोस. संध्याकाळी बसमधून उतरलो की कुठल्यातरी खोलीतून बांगडे तळल्याचा वास येतो आणि मी उगाच थांबतो. मागचे लोक यल्ला यल्ला करत ढकलतात.

तुझा
तय्यब


७८६

दुबई कॉलनी
३ फेब्रुवारी २००१

सफाच्या अब्बांना सलाम.

जिंकले. तीन हिस्से नाहीत, निम्मे-निम्मे ठरले. वर मी एक कलम घालून घेतलं: ज्या घरचा पुरुष महिनाभर स्वतः पहारा देईल, त्या घराचा वर्षाचा हिस्सा माफ. चाचा खो खो हसले. म्हणाले, अशी दहा कलमं घाल पोरी, पुरुष आणशील कुठून? आणि हसत हसतच सही करून मोकळे झाले.

सुभेदार मात्र हसले नाहीत. पहाऱ्याचा कोट शिवायचा तर तुमच्या साहेबांची उंची किती, असं त्यांनी मला विचारलं. मला पटकन सांगता येईना. दाराच्या चौकटीला तुमचं डोकं लागायचं एवढं आठवलं, पण ती चौकट जुन्या घराची. या घरात तुम्ही एक दिवस राहिलेला नाहीत. सगळ्यांसमोर माझे डोळे भरून आले. शेजारच्या रशीदाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विषय बदलला.

आता नीट ऐका. रजेचे पैसे घेऊ नका, रजा घ्या. वरच्या मजल्यासाठी मी जे बाजूला टाकत आले, ते तुमचा पगार समजा. तुमच्या त्या नातूरएवढा देईन, एक दिरहम कमी नाही. तो मजला मला नको, आहेत त्याच खोल्या खायला उठतात. मला तुमची फार आठवण येते. नवऱ्याला असं लिहायची लाज वाटते, पण भर सभेत एवढी बोलले, मग इथे कशाला गप्प बसू?

नकार द्यायचा असेल तर पत्र लिहू नका. मी समजेन.

वाट बघणारी
मरियम


मुहैस्नाह, दुबई
१७ फेब्रुवारी २००१

मरियमला सलाम.

मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, हबीबी, गेल्या वेळी पैशांसाठी माझ्या मागे लागला होतास, आता काय झालं? मी सांगितलं, गावात दुसरी नोकरी लागली आहे, दोन महिन्यांची. तो चक्रावलाच, पण रजा मंजूर केली. कंपनीने ठेवून घेतलेला पासपोर्टही मिळतोय. बावीस मार्चचं विमान आहे. सुभेदारांना सांग, कोट ढगळच शिवा, मी आता थोडा सुटलोय.

पगार नको. पण माझीही एक अट आहे. अब्बा येणार असं सफाला आधी सांगू नकोस, पळून जाईल. कॉलनीचा नवा वॉचमन येतोय आणि तो आपल्याच घरी राहणार आहे, एवढंच सांग. तिची भीती गेली की मी कोण ते मीच तिला सांगेन.

अम्मीला सलाम. तुझ्या नोकरीवर हजर होतोय, सांभाळून घे.

तुझा
तय्यब